लेन्स खुपते तेव्हा ड्रॉप नको, आधी डबी उघडा



शिक्षण परिषदेत चहाची सुट्टी झाली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, दुपारनंतर लेन्स फार खुपते हो. कोणता ड्रॉप टाकायचा?" विचारणारी कधी एखादी नवीन शिक्षिका असते, तर कधी कॉलेजला जाणाऱ्या मुलीची आई. माझ्या मते हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारला जातो. डोळा खुपतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. त्याचं तोंड थेंबाने बंद करायचं आणि पुढचे पाच तास तीच लेन्स रेटायची, ही सवय मला पटत नाही. आधी लेन्स काढा, डबीत ठेवा, चष्मा लावा, मग ती का खुपली याचा शोध घ्या.

तुम्ही म्हणाल, मॅडम, सांगणं सोपं आहे, पण शाळेत चष्मा लावून कोण बसणार? या "कोण बसणार"कडे मी पुढे येते. आधी डोळ्यात नेमकं काय होतं ते पाहू, कारण त्याशिवाय उपाय समजत नाहीत.

परिसर अभ्यासात आपण ज्ञानेंद्रिये शिकवतो, पण अश्रूंबद्दल फारसं बोलत नाही. अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. डोळ्यावर त्यांचा एक पातळ पडदा असतो. आतल्या बाजूला चिकट श्लेष्म, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा बारीक थर. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं आणि खालचं पाणी उडून जाऊ देत नाही. वरणावर तुपाचा तवंग असतो तसंच. हा सगळा पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो आणि लेन्स त्याच्या कितीतरी पट जाड असते. ती डोळ्यावर बसली की पडद्याचे दोन भाग होतात, एक लेन्सच्या खाली आणि एक वर. वरचा भाग पातळ होतो, तेल नीट पसरत नाही, पाणी लवकर उडतं. मग पापणी प्रत्येक वेळी कोरड्या लेन्सवरून घासत जाते. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं ते यामुळे.

मऊ लेन्सच्या जन्माची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टेर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या जोडणी-संचापासून यंत्र बनवलं, त्याला सायकलचा डायनामो लावला आणि पहिल्या चांगल्या मऊ लेन्स तयार केल्या. त्यांचा पदार्थ पाणी शोषणारा होता, म्हणून लेन्स मऊ झाली. पण जे पाणी शोषतं ते वाळतंही. आजच्या लेन्समध्ये पाण्याचं प्रमाण काहींत ३८ टक्क्यांच्या आसपास, तर काहींत ५५-६० टक्के असतं. पाणी जास्त म्हणजे डोळा जास्त ओला, असं दुकानात ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात अशा लेन्स कोरड्या हवेत लवकर वाळतात आणि ती तूट डोळ्यातल्या अश्रूंमधून भरून काढतात. त्यामुळे लेन्स खुपत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन पदार्थ बदलून पाहता येतो. सिलिकॉन असलेल्या लेन्समधून हवा जास्त जाते. रोज नवी घालून टाकून द्यायची लेन्स महाग पडते, पण तिच्यावर आदल्या दिवसाचा थर नसतो. ज्यांना फक्त लग्नकार्याला लेन्स लागते, त्यांनी महिन्याच्या लेन्सपेक्षा हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या भागाबद्दल. लोक म्हणतात, जासईला खाडी जवळ, मिठागरांचा मुलूख, हवा तर एवढी दमट की पापड मऊ पडतात, मग डोळे कोरडे कसे पडतील? पडतात. १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हापासून गव्हाण फाट्यापासून उरणपर्यंत कंटेनरच्या ट्रेलरची रांग आपण पाहतोच. त्या धुळीचा कण लेन्सखाली अडकला की डोळा चोळावासा वाटतो, आणि चोळलं की बुबुळावर ओरखडा पडू शकतो. दुचाकीवरून येणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली घ्यावी, नसेल तर साधा मोठा गॉगल लावावा. बस किंवा कारमध्ये एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नये. वर्गात टेबल पंख्याच्या बरोबर खाली असेल तर दोन फूट सरकवावं, हा बिनपैशाचा उपाय. खडूचा फळा असेल तर पुसणी खिडकीबाहेर झटकावी आणि फडकं किंचित ओलं वापरावं. मुलांच्या छातीलाही ते बरं.

सगळ्यात मोठं कारण मात्र आपल्या हातातच असतं, मोबाईल. एरवी माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. स्क्रीनकडे पाहताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं आणि बऱ्याच वेळा पापणी पूर्ण मिटतही नाही, अर्ध्यातूनच परत फिरते. ऑनलाइन माहिती भरताना डोळे चुरचुरतात त्याचं खरं कारण हे. (पोर्टल चालत नाही हे दुसरं कारण, पण त्याला डोळ्यांचे डॉक्टर काही करू शकत नाहीत.) चौथीच्या वर्गात हा प्रयोग घेऊन बघा. जोड्या करा. एक मूल मित्राशी गप्पा मारेल, दुसरं एक मिनिट त्याच्या पापण्या मोजेल. मग पहिलं मूल एक मिनिट टॅबवर गोष्ट वाचेल, पुन्हा मोजणी. आकडे फळ्यावर लिहून चित्रालेख काढा. गणित, परिसर अभ्यास आणि आरोग्य एकाच तासात होतं, आणि घरी गेल्यावर मुलं आईबाबांच्या पापण्या मोजत बसतात. मोठ्यांसाठी उपाय तोच, दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब बघायचं आणि आठ-दहा वेळा पापण्या पूर्ण, सावकाश मिटायच्या.

थेंबांना माझा सरसकट विरोध नाही. लेन्सवर चालतात असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेले, टिकवण्यासाठी औषध न घातलेले ओलाव्याचे थेंब डॉक्टरांना विचारून वापरावेत. पण मेडिकलमधून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" असं सांगून आणलेली बाटली लेन्सवर टाकू नका. काही थेंबांतलं टिकवणारं औषध मऊ लेन्स स्पंजसारखं शोषून घेते आणि दिवसभर डोळ्यावर सोडत राहते. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात, असर उतरला की लाली दुप्पट होऊन परत येते. आणि स्टिरॉइड असलेले थेंब तर चिठ्ठीशिवाय हातात धरायचेच नाहीत. संसर्ग झालेल्या डोळ्यात ते पडले तर वरून बरं वाटतं आणि आतून बुबुळ खराब होत जातं. गुलाबपाणी, मध, तूप हे आजीचे उपाय तिच्या मायेपोटी आलेले असतात, पण लेन्सच्या डोळ्यात नकोत. सर्दीची, ॲलर्जीची गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी अश्रू कमी होतात. आणि हो, बांगडा खाल्ला की डोळ्यांना ओलावा येतो का? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना वर्षभर माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेलाच्या. दोन्ही गटांना जवळपास सारखाच फरक पडला. बांगडा चवीसाठी खावा.

त्यापेक्षा पापण्यांचा शेक कामाचा. रात्री लेन्स काढल्यावर स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं. तेलाच्या ग्रंथींत घट्ट झालेलं तेल सैल होतं. काजळ आणि लायनर पापणीच्या आतल्या कडेला लावलं की त्याच ग्रंथींची तोंडं बुजतात. म्हणून आधी लेन्स, मग मेकअप, आणि उतरवताना आधी लेन्स काढायची, मग मेकअप पुसायचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती गोष्ट. कोरड्या लेन्सवर लोक पाणी लावतात. नळाचं, विहिरीचं, बिसलेरीचं, कधी तर थुंकी. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. आपण ते पाणी पितो, त्याने आंघोळ करतो, काही होत नाही. पण लेन्सच्या खाली तो बुबुळावर अडकला की बुबुळ पोखरतो, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजर कायमची जाऊ शकते. लेन्स घालून आंघोळ, पोहणं, पावसाळ्यात धबधब्याखाली उभं राहणं, सगळं बंद. घरी मीठ-पाणी करून त्यात लेन्स ठेवणं तर अजिबातच नाही.

बाटलीतलं सोल्युशनही डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखं नसतं. २००६ मध्ये ओलावा देणारं म्हणून विकलं जाणारं एक नामांकित सोल्युशन बुरशीच्या संसर्गामुळे जगभरातून मागे घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचं, तेही ओलाव्याच्या नावाचं, अकँथअमीबाच्या रुग्णांमुळे परत घेतलं गेलं. तपासात आणखी एक गोष्ट दिसली. डबीतलं कालचं सोल्युशन न ओतता त्यात वरून थोडं नवीन घालणाऱ्यांना धोका जास्त होता. आपल्याकडे हे सर्रास चालतं, कारण बाटली महाग आहे. तिथे काटकसर नको. रोज जुनं सोल्युशन फेकायचं, डबी सोल्युशननेच धुऊन पालथी वाळवायची, तीन महिन्यांत डबी बदलायची. लेन्स तळहातावर ठेवून बोटाने हलकेच चोळून धुवायची, "न चोळता चालते" असं बाटलीवर लिहिलं असलं तरी. दिवसभराचा प्रथिनांचा आणि तेलाचा थर निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी ती खुपणारच.

हात धुण्याबद्दल शिक्षकांना मी काय सांगू? १५ ऑक्टोबरला हात धुण्याचा दिवस साजरा करून आपण मुलांचे फोटो पाठवतो. लेन्सला हात लावण्याआधी साबणाने हात धुऊन ते कोरडे करायचे, एवढंच त्यात वाढवा. ज्या घरात आगरी मसाला आणि सुकट रोजची आहे तिथे तर लेन्सचं काम स्वयंपाकाच्या आधी उरकलेलं बरं.

लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक भागाला रक्तवाहिन्या नसतात, तो हवेतला प्राणवायू अश्रूंमधून घेतो. आधी लेन्स, त्यावर मिटलेली पापणी, म्हणजे दोन दारं बंद. आणि लेन्स काढल्यावरही दुखणं थांबत नसेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, घाण येत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. पनवेल जवळ आहे, तिथे डोळ्यांची चांगली रुग्णालयं आहेत. काढलेली लेन्स आणि डबी टाकून देऊ नका, सोबत न्या, तपासणीला उपयोगी पडते.

आता "चष्मा लावून कोण बसणार?" हा प्रश्न. मी स्वतः लेन्स वापरते, त्यामुळे लेन्स वाईट असं मी म्हणणार नाही. पण मुली दिवसाचे चौदा-चौदा तास खुपणारी लेन्स सहन करतात, त्यामागे चांगली नजर हे कारण क्वचितच असतं. बघायला पाहुणे येणार म्हणून चष्मा कपाटात जातो. "मुलीला चष्मा आहे का?" हे आजही विचारलं जातं, मुलाला कुणी विचारत नाही. आणि याची सुरुवात आपल्या वर्गात होते. ढापणी, चष्मिस, बॅटरी, सोडावॉटर. दुसरीतल्या मुलीला ही नावं पडतात तेव्हा आपण "असं बोलू नये बाळा" म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. शाळेत आरोग्य पथक येतं, नजर तपासली जाते, चष्मा मिळतो, आणि महिन्याभराने तो दप्तराच्या तळाशी सापडतो. हीच मुलगी अठराव्या वर्षी कुणालाही न विचारता बाजारातून लेन्स आणते. चिडवणाऱ्याला थांबवायला दोन मिनिटं लागतात, ती द्यावीत. ज्या शिक्षकांना नंबर आहे त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी चष्मा लावून वर्गात जावं. मी मंगळवार आणि शुक्रवार ठरवले आहेत. डोळ्यांनाही सुट्टी मिळते आणि वर्गातल्या तीन चष्मेवाल्यांना सोबतही.

पालक विचारतात, दहावीतल्या मुलीला लेन्स द्यावी का? वयाचं डॉक्टर सांगतील. मी पालकांना एवढंच विचारते, ती न सांगता हात धुते का? स्वतःचा डबा स्वतः घासते का? उत्तर नाही असेल तर थोडं थांबा.

शेवटी लग्नसराई. आपल्याकडे हळद रात्रभर चालते. नवरी सकाळी पार्लरमध्ये बसते, त्यानंतर धूर, डीजे, जागरण, रडणं, आणि लेन्स डोळ्यातच. रंगीत लेन्स तर करवल्या एकमेकींच्या घालून बघतात. हे कृपा करून थांबवा, लेन्स ही टिकली नव्हे. अमेरिकेत २००५ पासून नुसत्या रंगासाठीच्या लेन्सलाही कायद्याने वैद्यकीय साधन मानलं जातं. नवरीच्या सोबत बसणाऱ्या बहिणीच्या पर्समध्ये डबी, सोल्युशनची छोटी बाटली आणि चष्मा असू द्या, होमाच्या आधी लेन्स काढायला पाच मिनिटं काढा. फोटोत काच चमकते ही तक्रार असेल तर फोटोग्राफरला सांगा, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचलल्या की काच खाली झुकते आणि चमक जाते.