गोचीडजन्य ताप : बालकांच्या उपचारात जुन्या भीतीचा अडसर

बालकाला चार-पाच दिवस तीव्र ताप आहे, मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्यांतून काहीही निष्पन्न झालेले नाही, नेहमीची प्रतिजैविके देऊनही ताप उतरत नाही आणि अशातच तळहात व तळपायांवर लालसर पुरळ उमटू लागले आहे. बालरोगतज्ज्ञांना ही परिस्थिती अपरिचित नाही. अशा वेळी ज्या आजारांची शंका घ्यावी लागते, त्यांत गोचिडीच्या चाव्यातून होणारा रिकेट्सिया संसर्ग महत्त्वाचा आहे. त्यावर स्वस्त आणि परिणामकारक औषध उपलब्ध आहे. मात्र आठ वर्षांखालील बालकांना ते देण्यास आजही अनेकदा टाळाटाळ होते.

'इंडियन टिक टायफस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचा टायफॉइडशी संबंध नाही. कुत्र्यांच्या अंगावर आढळणारी तपकिरी गोचीड त्याचा प्रसार करते. त्यामुळे तो केवळ रानावनातील आजार ठरत नाही. अकोला जिल्ह्यातील खेडे असो किंवा जयपूरच्या जवाहर नगरसारखी शहरी वसाहत, जेथे कुत्र्यांच्या अंगावर गोचिडी आहेत, तेथे या आजाराची शक्यता लक्षात घ्यावी लागते. जयपूरसह राजस्थानच्या अनेक भागांत आढळलेला स्क्रब टायफस हा याच गटातील जवळचा आजार आहे. तो गोचिडीमुळे नव्हे, तर माइट या सूक्ष्म कीटकसदृश जीवाच्या अळीमुळे पसरतो. दोन्ही आजारांवरील मुख्य औषध मात्र एकच आहे, ते म्हणजे डॉक्सिसायक्लिन.

रिकेट्सिया जीवाणू रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींमध्ये शिरून वाढतात. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे तेथे निष्प्रभ ठरतात. उपचारास विलंब झाल्यास रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, अंगावर सूज येते, प्लेटलेट्स घटतात आणि मेंदू, फुप्फुसे व मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत आढळणाऱ्या याच कुळातील 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर' या आजाराने दहा वर्षांखालील बालके दगावण्याचे प्रमाण प्रौढांच्या पाचपट असल्याचे तेथील रोग नियंत्रण केंद्राने नमूद केले आहे.

निदानाची अडचण

या आजाराचे निदान करणाऱ्या रक्ततपासण्या प्रामुख्याने प्रतिपिंडांवर आधारलेल्या आहेत आणि प्रतिपिंडे साधारणपणे पहिल्या आठवड्यानंतर आढळू लागतात. लहान रुग्णालयांत उपलब्ध असलेली वाइल-फेलिक्स चाचणी स्वस्त असली, तरी ती अनेक रुग्ण हेरू शकत नाही. म्हणजेच उपचाराची सर्वाधिक गरज असते, त्या दिवसांत तपासणीचा आधार मिळत नाही.

या प्रश्नावर अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी केलेले काम उल्लेखनीय आहे. डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील बालरुग्णांच्या अभ्यासावरून गुणांकन पद्धत सुचविली. ती २०११ मध्ये 'इंडियन पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ग्रामीण वास्तव्य, पाळीव प्राणी, गोचिडीशी आलेला संपर्क, तळहात-तळपायांवरील पुरळ, पायांवरील सूज आणि प्लेटलेट्ससारख्या साध्या तपासण्या यांना त्यात गुण देण्यात आले आहेत. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसतानाही डॉक्टरांना निर्णय घेता यावा, हा या पद्धतीचा उद्देश आहे.

दातांच्या भीतीचे मूळ

टेट्रासायक्लिन गटातील जुनी औषधे कॅल्शियमशी संयोग पावतात आणि त्यामुळे वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणून १९७० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या संपूर्ण गटाबाबत इशारा दिला. डॉक्सिसायक्लिनचा कॅल्शियमशी संयोग तुलनेने कमी होतो, तरीही ते याच गटातील असल्याने तो इशारा त्यालाही लागू झाला.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वयाच्या आठव्या वर्षापूर्वी डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या ५८ मुलांच्या दातांची तुलना ते न घेतलेल्या २१३ मुलांशी करण्यात आली. डाग पडल्याचे अथवा दातांचे आवरण दुर्बल झाल्याचे त्यात आढळले नाही. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २१ दिवसांपर्यंतच्या उपचारासाठी हे औषध कोणत्याही वयात देण्यास मान्यता दिली.

भारतातील भूमिकाही स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, शंका आल्यास प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे आहेत. इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१७ मध्ये डॉक्सिसायक्लिन हेच सर्व वयोगटांसाठी पहिल्या पसंतीचे औषध असल्याचे सांगितले. ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी दर किलो वजनामागे दररोज ४.५ मिलिग्रॅम, दोन भागांत विभागून, असे त्याचे प्रमाण आहे. बहुतेक रुग्णांचा ताप ४८ तासांत उतरू लागतो. तसे न झाल्यास निदानाचा फेरविचार आवश्यक ठरतो.

अर्थात, गोचिडीमुळे होणारा प्रत्येक ताप या औषधाने बरा होत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये आढळलेला माकडताप, तसेच गुजरातमध्ये २०११ मध्ये निदान झालेला क्रायमियन-काँगो ताप हे विषाणूजन्य आजार आहेत. त्यांवर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग होत नाही. त्यामुळे या औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा आहे.

पालकांकडून अपेक्षित असलेली गोष्ट साधी आहे. घरात कुत्रा किंवा गुरे असल्यास, अंगावर गोचीड सापडली असल्यास अथवा मूल अलीकडे शेतात, रानात जाऊन आले असल्यास ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे. गोचिडीचा चावा सहसा दुखत नसल्याने अनेकदा तो लक्षातच येत नाही, म्हणून चावा आठवत नाही एवढ्यावरून हा आजार नाकारता येत नाही. अंगाला चिकटलेली गोचीड न चिरडता, न जाळता, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी आणि ती जागा साबणाने धुवावी. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.