खनिजांचा मक्ता आणि परलोकीचे सागर

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावी, जेथून कोणताही समुद्र शेकडो मैल दूर आहे, बसून सागरतळाच्या कारभारावर मत देणे ही कित्येकांस अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु ज्या खोल समुद्र मोहिमेसाठी २०२१ साली सरकारी खजिन्यातून ४०७७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली, तिचा हिशेब विचारण्याचा हक्क केवळ किनाऱ्यावरच्या रहिवाशांनाच आहे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

या मोहिमेचा गवगवा झाला तो तिघांना सहा हजार मीटर खोल नेणाऱ्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीमुळे. मला मात्र डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेले एक छायाचित्र अधिक मोलाचे वाटते. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी, हिंदी महासागरात सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवर, तप्त व खनिजयुक्त पाणी ओकणारे एक जागृत विवर मनुष्यविरहित यानाच्या साहाय्याने टिपले. १९७७ साली गॅलापागोस बेटांनजीक 'अल्विन' पाणबुडीतून अशी विवरे प्रथम दिसली, तेव्हा सूर्यकिरणाचा स्पर्शही नसलेल्या अंधारात, खडकातून निघणाऱ्या रसायनांवर पोसलेली जीवसृष्टी नांदताना पाहून शास्त्रज्ञ चकित झाले आणि गुरू-शनीच्या हिमाच्छादित चंद्रांकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच पालटली. पुढे कॅसिनी यानाला शनीच्या एन्सेलेडस या चंद्रातून उसळणाऱ्या फवाऱ्यांत लवणे आणि हायड्रोजन आढळले. तेथेही तळाशी पाणी आणि तप्त खडक यांची गाठ पडत असावी, असे त्यावरून अनुमान निघते.

एन्सेलेडसचा व्यास अवघा पाचशे किलोमीटर, वर्धा ते मुंबई या अंतरातही सहज मावावा इतका. आणि त्याचे गुरुत्वाकर्षण असे क्षीण की, साठ-सत्तर किलोमीटर बर्फ-पाण्याखालच्या त्याच्या सागरतळावर आपल्या समुद्रातील सात-आठशे मीटर खोलीइतकाच दाब असावा. गुरूच्या युरोपावर, सुमारे शंभर किलोमीटर खाली, तो मारियाना गर्तेहून काहीसाच अधिक भरेल. म्हणजे दाबाचे कोडे पृथ्वीवरच्या पाणबुड्यांनी बहुतांशी सोडविलेलेच आहे. उरते ते कित्येक किलोमीटर जाडीचे हिमकवच भेदण्याचे, आपले जंतू तिकडे न नेण्याचे, आणि जेथे रेडिओसंदेश पोहोचत नाही तेथे यंत्राने स्वतःच्या बुद्धीने वाट काढण्याचे. यांतील शेवटच्या विद्येची तालीम खोल समुद्रातच होते.

आता कारभाराकडे वळू. भारताने २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करारनामा करून हिंदी महासागरातील दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधात्विक सल्फाइडे शोधण्याचा मक्ता मिळविला. ही सल्फाइडे विवरांच्याच तोंडाशी साचतात. खनिजशास्त्रज्ञ ज्या तप्त पाण्याचा माग काढतो, त्याचाच माग जीवशास्त्रज्ञालाही काढावयाचा असतो. मोहिमेत जैवविविधतेचे कलम आहे, हे खरे. पण सरकारी भाषणांत ऐकू येते ती मुख्यतः धातूंचीच मोजदाद. दुसरीकडे 'मत्स्य'चा टायटॅनियम गोल घडविण्यात इस्रोचा हात आहे. कारखान्यांनी खात्यांची कुंपणे ओलांडली. दफ्तरांनी तेवढी अद्याप ओलांडलेली नाहीत.

विद्युत वाहनांना तांबे लागेल, ते आणावयाचे कोठून, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. परंतु सल्फाइडे निवालेल्या, मृत विवरांपाशीही असतात, आणि धगधगत्या तोंडाशी यंत्र उतरविण्यापेक्षा तेथे खणणे सोपे. म्हणून जागृत विवरे खाणकामातून कायमची वगळावीत, आणि वास्कोहून आखल्या जाणाऱ्या प्रत्येक सफरीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाबरोबर इस्रोच्या उपकरणकारासही जागा द्यावी. युरोपा क्लिपर यान २०३० साली गुरूपाशी पोहोचावयाचे आहे, आणि २०१६ च्या करारनाम्याची पंधरा वर्षांची मुदत त्यानंतर एका वर्षाने संपते. हे कलम त्यापूर्वीच घालून घ्यावे.