‘दुसरा मॉनिटर आढळला’ म्हणजे कॉपी केली असे नव्हे!

घरून ऑनलाइन परीक्षा देताना अनेकांना ही सूचना दिसते: ‘दुसरा मॉनिटर आढळला, तो काढून टाका.’ पेपर सुरू असताना ती आली, तर परीक्षा तिथेच थांबू शकते आणि परीक्षार्थीच्या नावापुढे संशयाची नोंद होऊ शकते. पण या नोंदीला पुरावा मानता येईल का?

सॉफ्टवेअरला काय दिसते?
परीक्षेच्या सॉफ्टवेअरला टेबलावरचा मॉनिटर दिसत नाही. ते फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते, ‘डेस्कटॉप किती पडद्यांवर पसरला आहे?’ एकापेक्षा जास्त पडदे वापरण्याची सोय विंडोजमध्ये ‘विंडोज ९८’पासून आहे. सर्व पडदे मिळून एकच मोठा डेस्कटॉप समजला जातो. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य आणि इतर पडद्यांची जागा त्यावरून मोजली जाते.

गफलत कुठे होते?
विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडले, की दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. अशा वेळी साध्या मोजणीचे उत्तर ‘एक’ येते. दुसरा पडदा ओळखण्यासाठी प्रोग्रामला वेगळी, अधिक खोलवरची माहिती मागावी लागते. केबलला स्प्लिटर लावून चित्र दोन मॉनिटरवर नेले, तरी संगणकाला सहसा एकच मॉनिटर जोडलेला दिसतो.

उलटही घडते. चित्र काढण्याचा पडद्याचा टॅब्लेट किंवा लॅपटॉपला जोडून ठेवलेला टीव्ही हेही मॉनिटर म्हणूनच मोजले जाऊ शकतात. मोबाइलला दुसरा पडदा बनवणारे काही ॲप तर प्रत्यक्षात नसलेला, आभासी मॉनिटर तयार करतात. म्हणजे केबल काढायला विसरलेला प्रामाणिक विद्यार्थी सापडतो आणि मांडीवर मोबाइल ठेवून उत्तरे शोधणारा सुटतो.

मग काय करावे?
ही तपासणी बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्या पडद्यावर पुस्तक उघडण्याचा मोह तिच्यामुळे नक्कीच कमी होतो. मात्र तपासणी पेपर सुरू होण्याआधी व्हावी, केबल काढायला वेळ मिळावा आणि कोणते उपकरण आढळले, हे सूचनेत साध्या मराठीत सांगावे. बहुतेक मॉनिटर आपली कंपनी आणि मॉडेल संगणकाला कळवतात, त्यामुळे हे अवघड नाही.

पेपर रद्द करण्याचा निर्णय मात्र माणसानेच घ्यावा आणि तोही परीक्षार्थीचे म्हणणे ऐकून. सॉफ्टवेअरने पडदे मोजावेत, हेतू मोजणे त्याचे काम नाही. विद्यार्थ्याचे वर्ष एका आकड्यावर ठरू नये.