केराची पाळी कोणाची?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला परदेशातील वास्तव्याच्या आठवणी लिहिण्यास सांगितले. कंपनीच्या एका प्रकल्पासाठी मी अकरा महिने जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात राहिलो, एवढेच माझे या विषयातील भांडवल. किल्ले, बर्फ आणि वेळेवर सुटणाऱ्या आगगाड्या यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. (आगगाड्या तिथेही उशिरा येतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) मला लिहायचे आहे ते झाडूविषयी. गेल्या पालकसभेत वसतिगृहातील साफसफाईच्या पाळीवर जी चर्चा झाली, ती ऐकल्यापासून त्या अकरा महिन्यांतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

स्टुटगार्ट हे डोंगरांच्या वाटीत वसलेले शहर आहे. उतारांवर द्राक्षांचे मळे थेट वस्तीपर्यंत उतरलेले, आणि चढण चढण्यासाठी जागोजागी दगडी पायऱ्या. मर्सिडीज-बेंझ आणि पोर्शे या मोटार कंपन्यांची मुख्यालये इथेच आहेत. १९६८ पासून हे मुंबईचे भगिनी-शहरही आहे. आमच्यासारखे शेकडो अभियंते तिथे काही महिन्यांसाठी येतात, एकमेकांच्या घरी वरणभात जेवतात, रविवारी दुकाने बंद म्हणून शनिवारीच आठवड्याचा बाजार आणून ठेवतात आणि मुदत संपली की परततात. बाकीच्या तपशिलात काही विशेष नाही.

मी राहत होतो ती इमारत तीन मजल्यांची, सहा बिऱ्हाडांची. तळमजल्यावर ट्रामचालक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांच्या समोर एक तुर्की कुटुंब, वर एक डॉक्टर बाई, दोन वृद्ध दांपत्ये आणि मी. राहायला गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक छोटी पाटी दिसली. तिच्यावर 'केरवोख' असे लिहिले होते. वोख म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे झाडणे. मराठी कानाला त्या शब्दाचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही. त्या आठवड्यापुरता जिना, प्रवेशदार, तळघराची वाट आणि घरासमोरचा पदपथ झाडण्या-पुसण्याचे काम माझे होते. काम झाले की पाटी शेजारच्या दारावर अडकवायची.

ही प्रथा त्या प्रदेशात जुनी आहे. स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमांत प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्यास बाहेर न्यावी, असा दंडक होता. १९८८ च्या अखेरीस, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, शहराने आपली सक्ती मागे घेतली. परंतु घरभाड्याच्या करारांत आणि लोकांच्या अंगवळणी ती टिकून राहिली. हल्ली अनेक इमारती पैसे देऊन बाहेरच्या सफाई संस्थेला काम सोपवतात. आमच्या इमारतीने ते केले नव्हते. शनिवारी सकाळी डॉक्टर बाई गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसताना दिसत, हिवाळ्यात लोक कामाला निघण्यापूर्वी बर्फ ओढताना दिसत, आणि पुढच्या आठवड्यात तेच काम तुर्की घरातला कॉलेजात जाणारा मुलगा करी. वृद्ध दांपत्यांपैकी एक आजी जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून धूळ तपासत असत. ही तपासणी तुर्की घराच्या पाळीनंतर जरा अधिक कसून होते, असे मला वाटे. तरीही पाटी कोणाच्याही दारावर कायमची राहत नसे.

मला त्या कामाची लाज वाटली नाही आणि ते शिकावेही लागले नाही. झाडू भिंतीकडून मध्याकडे कसा आणावा, फडके कितीदा पिळावे, पायऱ्या वरून खाली का पुसाव्यात, हे सारे याच शाळेच्या वसतिगृहात इयत्ता पाचवीत शिकलो होतो. माझ्याबरोबर आलेले काही सहकारी मात्र पहिल्याच महिन्यात पैसे देऊन काम करून घेण्याची सोय शोधू लागले. त्यांना वेळ नव्हता, असे ते म्हणत. त्यांच्या घरांत तीन पिढ्यांत कोणी स्वतःच्या दारापुढची जागा झाडली नसावी, असा माझा तर्क आहे.

जर्मनीत श्रमाला सर्वत्र सारखीच प्रतिष्ठा आहे, असे चित्र मी रंगवणार नाही. आमचे कार्यालय संध्याकाळी साफ करणारे बहुतेक स्त्री-पुरुष स्थलांतरित होते. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून जे कामगार आले, त्यांना 'पाहुणे कामगार' म्हटले गेले, आणि पाहुण्यांच्या वाट्याला जड कामे आली. हे खरे असूनही इमारत-स्वच्छता हा तिथे तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा, परीक्षेचा आणि प्रमाणपत्राचा रीतसर व्यवसाय आहे. त्यात उस्ताद होण्याची परीक्षाही आहे आणि त्या क्षेत्राचे किमान वेतन करारांनी ठरते. कष्टाचे काम कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न तिथे सुटलेला नाही. पण ते काम अमुक घरात जन्मला म्हणून अमुक माणसाचेच, असे तिथे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे काय आहे? माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. वडील निवृत्त झाल्यावर ती माझ्या थोरल्या भावाला मिळाली. त्या पगारावर आमचे घर उभे राहिले, त्या पगारातून माझी पुस्तके आली. तिला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. तरी शासकीय कागदावर झाडू 'वारसाहक्काने' बापाकडून मुलाकडे येतो, आणि तो हक्क मागण्यासाठी इतर समाजांच्या रांगा लागलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. स्टुटगार्टच्या जिन्यात ती पाटी हातात धरून उभा असताना मला त्याचा अर्थ नीट उमगला. आमच्या दारावर जी पाटी लागली, ती पुढच्या दारावर कधी गेलीच नाही.

म्हणूनच पालकसभेत जे पालक म्हणाले की, 'आमच्या हातातला झाडू सुटावा म्हणून लेकरे इथे ठेवली, आणि तुम्ही तोच पुन्हा हातात देता', त्यांचा राग मला पोकळ वाटत नाही. त्यांना पुस्तकी श्रमप्रतिष्ठा सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. अनेक शाळांत वर्ग आणि स्वच्छतागृहे झाडायला निवडक मुलांनाच उठवले जाते आणि ती मुले कोणाची, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु उपाय म्हणून त्यांनी सुचवले ते मला मान्य नाही. पाळी बंद करून कंत्राटदार नेमला तर येणारा सफाई कामगार कोणत्या वस्तीतून येईल, हे मी वेगळे सांगायला नको. आपली मुले पुस्तके वाचत बसतील आणि आपलाच एखादा भाऊ त्यांच्या पायाखालची फरशी पुसेल. मग आपण नेमके काय बदलले?

मैला, गटारे आणि सेप्टिक टाक्या यांची गोष्ट वेगळी आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसण्यास बंदी आहे, तरी गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरतच आहेत. तिथे पाळीचा प्रश्नच येत नाही. तिथे यंत्र हवे. मी बोलतो आहे ते खोल्या, व्हरांडा, जेवणघर आणि रोजची स्वच्छतागृहे यांविषयी.

पाळी न्याय्य ठरते ती कोणालाही वगळले जात नाही तेव्हाच. आपल्या वसतिगृहात आज मुले झाडतात, अधीक्षक देखरेख करतात आणि शिक्षक वर्गात येतात तेव्हा फरशी झाडलेली असते. पालकांचा आक्षेप खरे तर इथे लागू पडतो. म्हणून माझी शाळेकडे मागणी आहे की, पाळीचा तक्ता कार्यालयाबाहेर सर्वांना दिसेल असा लावावा. त्यात विद्यार्थ्यांबरोबर अधीक्षक, शिक्षक, लिपिक आणि मुख्याध्यापक यांची नावे असावीत. विश्वस्त महिन्यातून एकदा बैठकीला येतात, त्या दिवशी त्यांचेही नाव असावे. स्वच्छतागृहाची पाळी शिक्षा म्हणून कोणालाही देऊ नये, हे तक्त्याखाली ठळक अक्षरांत लिहावे. ज्या पालकांना शंका आहे त्यांनी कोणत्याही शनिवारी न कळवता येऊन तक्ता आणि फरशी दोन्ही पाहावे.

माजी विद्यार्थ्यांनाही यातून सूट नको. माझे नाव पहिल्याच तक्त्यात घालावे. महिन्याचा दुसरा शनिवार मला सोयीचा आहे, आणि मुलांच्या जेवणघराचा जिना मला चांगला आठवतो.