वाचन, दळण आणि रोजा

रमजानचा दुसरा आठवडा उलटला की एक प्रश्न घराघरांत हळूच डोके वर काढतो. चंद्र दिसला त्या रात्री जे जे ठरवले होते, त्यातले झाले किती? रोज एक पारा वाचायचा, तोही अर्थासह. रागावर ताबा ठेवायचा. ईदच्या आधी पुढच्या खोलीला रंग द्यायचा, माळ्यावरची अडगळ काढायची, मुलांच्या पुस्तकांसाठी भिंतीला एक फळी ठोकायची. पहिले चार दिवस सगळे जोरात चालते. मग रंगाचा डबा जिन्याखाली तसाच राहतो आणि वाचन पाचव्या-सहाव्या पाऱ्यावर अडते. पाडव्याला किंवा एक जानेवारीला संकल्प करणाऱ्या शेजाऱ्यांनाही हा अनुभव नवा नसेल.

स्वतःचा हिशेब स्वतः घेण्याला इस्लामी परंपरेत 'मुहासबा' म्हणतात. दुकानदार रात्री गल्ला मोजतो, तसा माणसाने आपला दिवस मोजावा. काय कमावले, काय गमावले, कुणाचे देणे राहिले, हे पाहावे. अशा हिशेबाचा एक सुंदर नमुना मराठी मुलखातच आहे, आणि तो एका हिंदू तरुणाने लिहिलेला आहे.

१९१७ साली विनायक नरहर भावे हा २१ वर्षांचा तरुण गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन वाईला गेला. पुढे देश त्याला विनोबा म्हणून ओळखू लागला. प्रकृती सुधारावी आणि संस्कृतचा अभ्यास व्हावा, हे रजेचे कारण होते. वर्ष संपत आले तेव्हा, १९१८ च्या फेब्रुवारीत, त्याने गांधीजींना एक लांब पत्र लिहिले. त्यात वर्षाचा सगळा जमाखर्च आहे. उपनिषदे, गीता आणि ब्रह्मसूत्रे यांचा अभ्यास किती झाला, चालणे किती झाले, अंगावर आणि जवळ कोणत्या मोजक्या वस्तू ठेवल्या, विद्यार्थ्यांना फुकट काय शिकवले, हे सारे त्याने नोंदवले आहे. पत्र वाचून गांधीजी हरखून गेले. गोरखाने मच्छिंद्राला हरवले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याची नोंद महादेवभाई देसाईंनी केली आहे.

या पत्रातली एक नोंद मात्र ग्रंथांच्या यादीपेक्षा अधिक विचार करायला लावते. वाईत विनोबांनी विद्यार्थी मंडळ काढले, वाचनालय सुरू केले. पुस्तकांना पैसे हवेत. वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणे सोपे होते. तसे न करता ही मुले जात्यावर बसली. दोन शेर दळणाला एक पैसा, असा दर ठरला. चांगल्या खात्यापित्या घरची, हायस्कुलात शिकणारी मुले दुसऱ्यांचे पीठ दळू लागली. जुन्या वळणाच्या गावात लोकांनी त्यांना वेड्यात काढले. हा दळणाचा वर्ग जेमतेम दोन महिने चालला, पण वाचनालयात चारशे पुस्तके जमली.

जाते ही त्या काळी बायकांच्या वाट्याची गोष्ट होती. पहाटेच्या अंधारात घरातली बाई उठे, दळण दळे आणि उजाडेपर्यंत घराचे पीठ तयार असे. ब्रह्मसूत्रे वाचणारा तरुण त्या जात्याशी बसला. आपले वाचन आणि घरातले कष्ट यांच्यामध्ये त्याने भिंत ठेवली नाही.

आजच्या रमजानमध्ये आपल्या घरात ही भिंत आहे का, हे तपासून पाहण्याजोगे आहे. सहेरीच्या आधी तासभर कोण उठते? पुरुष आणि मुले ताटावर येतात तेव्हा चपात्या गरम असतात, त्या कुणी लाटलेल्या असतात? दुपारी कुराण उघडून बसायला घरातल्या कर्त्याला निवांतपणा मिळतो, त्याच वेळी इफ्तारची भजी, फळांच्या फोडी आणि शेजारी पाठवायची ताटे यांत कोण गुंतलेले असते? तीही रोजेदारच असते. तिचा पारा पाचव्यावर अडतो तो आळसाने नव्हे. तिला वेळच उरत नाही.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) घरी असताना काय करीत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले होते. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. आपली चप्पल ते स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, असेही नोंदलेले आहे. इफ्तारनंतर चार भांडी घासल्याने कुणाची तरावीह चुकत नाही. उलट घरातल्या बाईला रात्री अर्धा तास पुस्तक उघडता येते.

हाच हिशेब कामाच्या जागीही लागू आहे. रोजा आहे म्हणून गिऱ्हाइकावर खेकसणे, कचेरीत आलेल्याला उद्या या म्हणून परत पाठवणे, यात उपाशी राहण्याचे मोल निघून जाते. खोटे बोलणे आणि खोटे वागणे ज्याने सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडावे याची अल्लाहला गरज नाही, अशी शिकवण आहे. दुपारी चार वाजता, घसा कोरडा पडलेला असताना, माप पुरे देणारा आणि शब्द नीट वापरणारा माणूस खरा सुधारत असतो.

ठरवलेले सगळे या उरलेल्या दिवसांत पुरे होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. थोडे पण नियमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय, असे हदीस सांगते. एकच भिंत रंगवावी. रोज दोनच पाने वाचावीत, पण समजून वाचावीत. एक वेळचे काम घरातल्या बाईच्या हातून आपल्या हाती घ्यावे आणि ते ईदनंतरही परत देऊ नये.

वाईच्या त्या तरुणाने पुढे मूळ कुराण वाचता यावे म्हणून अरबी भाषा शिकून घेतली आणि निवडक वचनांचे 'कुराण-सार' सिद्ध केले. शेजाऱ्याचा ग्रंथ त्याच्याच भाषेत वाचण्याची ही चिकाटी त्याच्यात एका दिवसात आली नसणार. तिची सुरुवात वाईच्या जात्यापाशीही शोधता येते.