आधी पाणी, मग बोट

सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात सकाळी चहाआधी एक आकडा लागतो. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर? 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 57 च्या वर गेला, तेव्हा आमच्या गल्लीत होड्या फिरत होत्या. मी स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पाणीपातळीच्या नोंदी करण्यात उभी नोकरी गेली. असा मी 2022 च्या ऑगस्टमध्ये बायकोला घेऊन ऱ्हाइन नदीवर क्रूझला निघालो आणि त्या नदीत पाणी किती आहे, हे निघण्यापूर्वी एकदाही बघितलं नाही.

प्रवास कंपनीच्या ऑफिसात आम्ही दोन तास बसलो होतो. चर्चा कशावर? खोलीला बाल्कनी घ्यायची की नुसती काच, जेवणात शाकाहारी काय मिळेल, वरच्या डेकवर आरामखुर्च्या आहेत का. हिने एकदा विचारलं, ‘‘नदीला पाणी असतं ना?’’ समोरचा मुलगा हसला. मीही हसलो. आल्प्सच्या बर्फावर पोसलेली नदी, तिला काय धाड भरली आहे!

ऱ्हाइनवर काउब नावाचं एक छोटं गाव आहे. तिथली पाण्याची पट्टी म्हणजे त्या लोकांचा आयर्विन पूल. मालवाहू बार्जवाल्यांपासून क्रूझ कंपन्यांपर्यंत सगळ्यांचं लक्ष त्या पट्टीवर, कारण मधल्या ऱ्हाइनचा सगळ्यात उथळ टप्पा तोच. त्या ऑगस्टच्या मध्यावर पट्टी 40 सेंटिमीटरच्या खाली आली. आता, पट्टीवर 40 म्हणजे पात्रात 40 सेंटिमीटर पाणी, असं नसतं. पट्टीचा शून्य तळाला नसतो, वाहतुकीच्या मार्गात त्याहून मीटरभर जास्त पाणी असतं. पण भरलेल्या बोटीला तेवढं पुरत नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तर पट्टी 25 पर्यंत उतरली होती. म्हणजे हे आकाशातून पडलेलं संकट नव्हतं. चार वर्षांपूर्वीचा दाखला समोर होता आणि मी तो काढला नाही.

ॲमस्टरडॅमहून निघालेली आमची बोट कोब्लेंझला थांबली ती थांबलीच. तिथून वर बिंगेनपर्यंतचा 65 किलोमीटरचा टप्पा हा त्या सहलीचा जीव. दोन्ही काठांना द्राक्षांचे उभे उतार, दर वळणावर एक किल्ला. 2002 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तो टप्पा आम्ही बसने पार केला. तोही नदीकाठच्या रस्त्याने नव्हे. बस वरच्या हमरस्त्याने गेली, त्यामुळे डोंगराची पाठ दिसली, नदी नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पैसे परत मागायला गेलो तेव्हा त्यांनी करारातली बारीक अक्षरातली ओळ दाखवली आणि ती खरंच तिथे होती. मीच वाचली नव्हती. बसमध्ये ही एवढंच म्हणाली, ‘‘अहो, आयर्विनची पट्टी तुम्हाला झोपेतही पाठ असते.’’ पुढचं वाक्य तिने गिळलं. ते बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी क्रूझला निघालं की माझा कोळसा उगाळणं सुरू होतं. लोक बोट निवडतात. बोट सगळीकडे सारखीच असते हो! युरोपातल्या बहुतेक नदीबोटी साडेअकरा मीटरच्या आतबाहेर रुंद असतात, कारण तिथल्या बऱ्याच जलपाशांची (लॉकची) रुंदी 12 मीटर. त्याहून मोठी बोट आत शिरणारच नाही. मग फरक कशाचा? नदीचा आणि महिन्याचा. डॅन्यूबवर धरणांमुळे पाणी बऱ्याच ठिकाणी अडवून धरलेलं आहे, तरी ऑस्ट्रियातलं वाखाऊचं खोरं आणि व्हिएन्नाच्या खालचा पट्टा मोकळा वाहतो. शिवाय तिथे पाणी वाढलं तरी पंचाईत, बोट पुलाखालून जात नाही. 2024 च्या सप्टेंबरातल्या पुरात व्हिएन्नाजवळ बोटी अडकून पडल्या होत्या. आपल्या ब्रह्मपुत्रेवर तर वाळूची बेटं दर वर्षी जागा बदलतात, पात्रात बांबू रोवून वाट दाखवावी लागते. पावसाळ्यात तिकडे क्रूझ नसतेच. ऑक्टोबर ते एप्रिल, बस्स.

ही पाण्याची अक्कल माझी. दुसरी अक्कल हिची आणि ती माझ्यापेक्षा मोलाची आहे. ही हायस्कूलात गणित शिकवायची. परतल्यावर तिने वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: कंपनीच्या मूळ आराखड्यानुसार सात रात्रींत बोट उजेडात चालणार होती किती तास? तेवीस. बाकी रात्री चालणार आणि दिवसा एखाद्या गावाच्या धक्क्याला बांधलेली. दिवसा आम्ही पन्नास जणांच्या घोळक्यात, कानात यंत्र, पुढे छत्री धरलेली गाइड. नदीसाठी पैसे भरायचे आणि नदी झोपेत ओलांडायची!

धक्क्यावरचंही ऐका. जागा कमी म्हणून बोटी एकीला एक लावून बांधतात. कलोनला मी पहाटे मोठ्या हौसेने पडदा सारला, तर समोर नदी नव्हती. हाताच्या अंतरावर दुसरी बोट, तिची तशीच काच आणि काचेपलीकडे लुंगीवजा टॉवेल गुंडाळून दात घासणारे एक गोरे आजोबा. दोघांनीही एकदमच पडदे ओढले. त्या बाल्कनीचे आम्ही जादा पैसे मोजले होते.

नवरा-बायकोच्या सहलीत बघायचं काय, यापेक्षा न बघता बसायला किती वेळ मिळतो, हे मला आता महत्त्वाचं वाटतं. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं काही न करता शेजारी शेजारी असे किती बसलो असू? नदीबोटीचा खरा फायदा तोच आहे. बॅग एकदाच उघडायची आणि काठ आपणहून सरकत राहतो. तो वेळच मिळणार नसेल तर बसची सहल स्वस्त पडते. आणि एकदम लाखांत उडी घेण्याआधी आलप्पुळाच्या हाउसबोटीत एक रात्र काढून बघा. तिथे मच्छीमारांच्या जाळ्यांसाठी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोटी बांधतात. त्यानंतरचे चार तास टीव्ही न लावता गोडीत गेले, तर पुढचा विचार करायला हरकत नाही.

आम्ही पुढचा विचार केला. नाईल. 1970 मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं तेव्हापासून तिथला वार्षिक पूर संपला. पाणी धरणातून मोजून सुटतं, म्हणजे माझ्यासारख्याला झोप लागते. पण लक्सर ते आस्वान चालणाऱ्या मोठ्या बोटी मी नाकारल्या. पहिली रात्र लक्सरला बांधलेली, शेवटची आस्वानला बांधलेली, आणि लक्सरला चार-चार बोटी एकीला एक खेटून. काठावर जायचं तर दुसऱ्यांच्या दिवाणखान्यातून.

तिथे दहाबिया नावाची शिडाची बोट असते, मोजक्या खोल्यांची. ती एस्नाच्या जलपाशाच्या वरून निघते. नाईल उत्तरेला वाहते आणि वाराही बहुतेक वेळ उत्तरेकडूनच येतो. म्हणून प्रवाहाविरुद्ध जायला शीड आणि परतीला प्रवाह, ही सोय फारोंच्या काळापासूनची. वारा पडला तर छोटी टगबोट ओढते. गेबेल एल-सिलसिलाला, जिथून देवळांचा वालुकाश्म काढला त्या खाणींपाशी, मोठ्या बोटी सहसा थांबत नाहीत. ही थांबते. आणि चालते दिवसा.

या वेळी एजंटाला आम्ही चारच गोष्टी विचारल्या: उजेडात किती तास चालणार, रात्री कुठे आणि कुणाच्या शेजारी बांधणार, पाण्याने दगा दिला तर पैशाचं काय, ते लेखी द्या. चौथा प्रश्न हिचा होता, खोलीची खिडकी उघडते का?

उघडते. फेब्रुवारीचं आगाऊ भरलं आहे.