शांतता समितीत तरुण कुठे आहेत?

युद्ध किंवा यादवीतून सावरणाऱ्या देशांत एक प्रश्न हमखास येतो: एवढ्या तरुणांचे करायचे काय? ९ डिसेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२५० क्रमांकाचा ठराव केला. तरुणांकडे फक्त धोका म्हणून पाहू नका, त्यांना शांततेच्या कामात आणि निर्णयात सोबत घ्या, असा त्याचा आशय.

नंदुरबारात युद्ध झाले नाही, पण संघर्ष आपल्याला नवे नाहीत. १९७०च्या दशकात शहादा भागात आदिवासी हिरावलेल्या जमिनींसाठी लढले. पुढे नर्मदाकाठची गावे सरदार सरोवरात बुडाली. दगडफेकीच्या बातम्याही जिल्ह्याने पाहिल्या आहेत.

१ जुलै १९९८ला जिल्हा वेगळा झाला. २०१८मध्ये केंद्राने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. आजही भिल्ल, पावरा कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि मुलांची शाळा सुटते. आपल्या मोहल्ल्यातली मुले गॅरेजात राबतात, नाहीतर सुरत गाठतात. दोन्ही वस्त्यांतला तरुण पोटासाठी एकाच दिशेने जातो. गावाला त्याची आठवण येते ती सणाच्या तोंडावर. तेव्हा ज्येष्ठांना शांतता समितीचे बोलावणे जाते आणि तरुणाला पोलीस ठाण्याची नोटीस.

शिक्षणाची वाट आपल्याकडे आहे. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मदरशासोबत आयटीआय, फार्मसी आणि युनानी महाविद्यालयही उभे केले. पण माझ्या मते नुसते प्रशिक्षण पुरत नाही. ज्याला गावाच्या निर्णयात जागा नाही, तो हुनर शिकून गाव सोडणारच.

म्हणून दोन गोष्टी. शांतता समिती वर्षभर बसावी, तिच्यात मुस्लिम आणि आदिवासी तरुण-तरुणी असाव्यात आणि बंदोबस्तासोबत शिष्यवृत्ती, बस, पाणी यांवरही बोलणे व्हावे. दुसरी गोष्ट आपल्याच हातात आहे. मोहल्ल्यातल्या पदवीधरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. शेजारच्या भिल्ल वस्तीतल्या मुलांनाही बोलवावे. जी पोरे एकत्र अर्ज भरतात, त्यांना अफवेवर भडकवणे अवघड जाते.

‘पोरांना काय कळते?’ असे कोणी विचारले तर नंदुरबारच्याच शिरीषकुमार मेहताचे नाव सांगा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळी झेलली तेव्हा तो शाळकरी वयाचा होता.

पुढच्या बैठकीआधी आपल्या भागातून पाच नावे लिहून द्या. त्यांत किमान दोन मुलींची असू द्या.